ख्रिस्ती नीतिशास्त्रातील नैतिक नियम आणि स्वातंत्र्य : पंडिता रमाबाईंच्या जीवनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नैतिक नियम आणि मानवी स्वातंत्र्य या नीतिशास्त्रातील दोन मूलभूत संकल्पना होत. नियम आला की स्वातंत्र्य संकोचते आणि स्वातंत्र्य विस्तारले की नियम शिथिल होतो, असा सर्वसाधारण समज आहे. धर्माधिष्ठित नीतीच्या बाबतीत हा समज अधिकच दृढ असतो. ईश्वराची आज्ञा हाच नैतिक नियम असेल, तर ती पाळणाऱ्या माणसाला स्वतंत्र कसे म्हणावे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. ख्रिस्ती नीतिशास्त्राने या प्रश्नाला दोन हजार वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांत एकवाक्यता नाही. किंबहुना ख्रिस्ती पंथोपपंथांतील अनेक मतभेदांचे मूळ याच प्रश्नात सापडते.

महाविद्यालयीन अध्यापनात या विषयाची मांडणी बहुधा युरोपीय तत्त्वज्ञांच्या मतांपुरती मर्यादित राहते. वस्तुतः हा प्रश्न मराठी भूमीतही अत्यंत तीव्रतेने जगला गेला आहे. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी, रेव्ह. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांत नियम व स्वातंत्र्य यांचा संघर्ष केवळ तात्त्विक राहिलेला नाही. यांपैकी रमाबाईंचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. त्यांच्यावर हा प्रसंग दोनदा आला. प्रथम त्या स्वतः दुसऱ्याच्या अधिकाराखाली होत्या आणि नंतर इतर स्त्रिया त्यांच्या अधिकाराखाली होत्या. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती नीतिशास्त्रातील प्रमुख दृष्टिकोनांचा परिचय करून देऊन, या दोन प्रसंगांच्या आधारे त्यांचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रश्नाचे मूळ : नियमशास्त्र आणि पौल

ख्रिस्ती नीतीला यहुदी परंपरेचा वारसा आहे. मोशेला सिनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञा हा त्या परंपरेचा गाभा होय. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. निर्गमाच्या कथेत इस्राएल लोकांची मिसरच्या दास्यातून सुटका आधी होते आणि आज्ञा नंतर येतात. म्हणजे मुळातच नियमाची कल्पना मुक्त झालेल्या लोकांच्या जीवनाची घडी बसविणारा करार अशी आहे. गुलामांवर लादलेले हुकूम असे त्याचे स्वरूप नाही. तथापि काळाच्या ओघात नियमांचा तपशील वाढत गेला आणि तपशिलाचे पालन म्हणजेच धर्म, अशी धारणा बळावली. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हा येशूच्या शिकवणीचा आशय या धारणेला दिलेले आव्हान होते. त्याच वेळी डोंगरावरील प्रवचनात आपण नियमशास्त्र रद्द करण्यास आलो नसून पूर्ण करण्यास आलो आहोत, अशीही येशूची भूमिका दिसते. नियमाची कक्षा त्याने बाह्य कृतीपासून अंतःकरणातील हेतूपर्यंत नेली.

पौलाच्या पत्रांत हा ताण अधिक स्पष्ट होतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो विश्वासणाऱ्यांना पुन्हा दास्याच्या जोखडात न अडकण्याचा इशारा देतो. पण लगेच, हे स्वातंत्र्य देहस्वभावाला मोकळीक देण्यासाठी नसून प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे, असेही बजावतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, ज्यांना लिखित नियमशास्त्र मिळालेले नाही अशा लोकांच्या अंतःकरणातही नियमाचा आशय कोरलेला असतो व त्यांची विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, असे प्रतिपादन आहे. पुढे विकसित झालेल्या नैसर्गिक नियमाच्या सिद्धान्ताला हाच आधार मिळाला.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एक चर्चा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मूर्तीला अर्पिलेले मांस खावे की नाही, असा वाद करिंथ येथे निर्माण झाला होता. पौलाच्या मते मूर्तीला स्वतःचे काही अस्तित्व नसल्यामुळे ते मांस खाण्यास तत्त्वतः हरकत नाही. परंतु ज्याची विवेकबुद्धी अद्याप दुर्बल आहे असा बांधव ते पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध वागण्यास प्रवृत्त होणार असेल, तर आपण होऊन त्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालावी, असे तो सांगतो. येथे नीतीचा निकष स्वतःच्या विवेकबुद्धीपाशी थांबत नाही. दुसऱ्याच्या विवेकबुद्धीची जबाबदारीही स्वतंत्र माणसावर येते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

२. नियमप्रधान दृष्टिकोन

नियमाला प्राधान्य देणाऱ्या विचारांचे दोन प्रवाह आढळतात. पहिला प्रवाह दैवी आज्ञावादाचा. या मतानुसार एखादी कृती चांगली ठरते ती ईश्वराने तिची आज्ञा केली म्हणून. या भूमिकेत ईश्वराचे सार्वभौमत्व अबाधित राहते. परंतु आज्ञेचा अर्थ कोणी सांगावयाचा, हा प्रश्न उरतो. व्यवहारात तो अधिकार धर्मगुरू, मठ वा मंडळी यांच्याकडे जातो आणि ईश्वराच्या आज्ञेचे पालन म्हणजे त्यांच्या आज्ञेचे पालन, असे समीकरण तयार होते.

दुसरा प्रवाह नैसर्गिक नियमाचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने 'सुम्मा थिओलॉजिआ' या ग्रंथात शाश्वत नियम, नैसर्गिक नियम, मानवी नियम आणि दैवी नियम असे चार प्रकार मांडले. नियम म्हणजे सर्वांच्या हितासाठी समाजाची जबाबदारी असणाऱ्याने जाहीर केलेली बुद्धीची योजना, अशी त्याची व्याख्या आहे. नियम हा इच्छेचा हुकूम नसून बुद्धीचे कार्य आहे, हे या व्याख्येचे मर्म होय. मानवी बुद्धी शाश्वत नियमात सहभागी होते. म्हणून नैतिक नियम माणसाला सर्वस्वी परका राहत नाही. चांगले करावे व वाईट टाळावे, हे त्याचे आद्य तत्त्व.

अक्वायनसच्या विचारातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणे हा दोषच होय, असे त्याचे मत होते. मात्र ज्या अज्ञानामुळे ती चुकली ते टाळता येण्याजोगे असेल, तर माणूस त्या अज्ञानाच्या दोषातून सुटत नाही. म्हणजे विवेकबुद्धीचे ऐकणे आणि विवेकबुद्धीला शिक्षित करणे, ही दोन्ही कर्तव्ये ठरतात. ज्या परंपरेला नियमप्रधान म्हटले जाते, तिच्या अंतर्यामीच स्वातंत्र्याचे हे बीज होते.

३. स्वातंत्र्यप्रधान दृष्टिकोन

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने स्वातंत्र्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये लिहिलेल्या ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयीच्या प्रबंधात एक विरोधाभास मांडला आहे. ख्रिस्ती माणूस विश्वासामुळे कोणाच्याही अधीन नाही आणि प्रीतीमुळे तो सर्वांचा सेवक आहे, अशी ही दुहेरी भूमिका आहे. ल्यूथरच्या मते सत्कृत्यांनी तारण मिळत नाही. तारण झालेल्या माणसाकडून सत्कृत्ये सहजपणे घडतात. या विचाराचा टोकाचा अर्थ लावून, विश्वासणाऱ्याला नियमाची गरजच नाही, असे प्रतिपादन योहान्स अग्रिकोला याने केले, तेव्हा खुद्द ल्यूथरनेच त्याला कडाडून विरोध केला. जॉन कॅल्व्हिन याने नियमाचे तीन उपयोग सांगितले : पापाची जाणीव करून देणे, समाजातील दुष्कृत्यांना आळा घालणे आणि विश्वासणाऱ्याला जीवनात मार्गदर्शन करणे. यांपैकी तिसरा उपयोग त्याला मुख्य वाटत होता.

अठराव्या शतकात इमॅन्युएल कांट याने १७८५ च्या ग्रंथात स्वायत्ततेची संकल्पना मांडली. माणसाची बुद्धी स्वतःसाठी जो सार्वत्रिक नियम घालून देते, त्याचेच पालन नैतिक होय, असे त्याचे मत. कांटचे नीतिशास्त्र धर्मशास्त्रावर आधारलेले नसले, तरी त्यानंतरच्या प्रत्येक ख्रिस्ती विचारवंताला त्याची दखल घ्यावी लागली.

विसाव्या शतकात जोसेफ फ्लेचर याने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रसंगनिष्ठ नीतीचा पुरस्कार केला. नियमांचे आंधळे पालन आणि नियमांचा संपूर्ण त्याग, या दोन्ही टोकांना त्याने नाकारले. प्रीती हे एकमेव निरपेक्ष मूल्य असून बाकीचे सर्व नियम हे मार्गदर्शक संकेत आहेत. प्रसंगी प्रीतीसाठी ते बाजूला ठेवावे लागतात, असा त्याचा युक्तिवाद आहे. पॉल रॅम्सी या विचारवंताने यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. प्रीती केवळ सुट्या सुट्या कृतींतून व्यक्त होत नाही. वचन, विवाह, न्याय यांसारख्या टिकाऊ नियमांतूनही ती व्यक्त होते. दिलेले वचन प्रत्येक प्रसंगी नव्याने तपासावयाचे असेल, तर वचनावर विसंबणाऱ्या दुर्बल माणसाला आधार कशाचा, असा प्रश्न यातून उभा राहतो.

४. समन्वयाचे प्रयत्न

वरील दोन्ही दृष्टिकोनांतील उणिवा लक्षात घेऊन काही विचारवंतांनी समन्वयाचा मार्ग शोधला. पॉल टिलिक याने परायत्तता, स्वायत्तता आणि ईश्वरायत्तता असा भेद केला. बाहेरून लादलेला नियम ही परायत्तता. केवळ स्वतःच्या बुद्धीचा नियम ही स्वायत्तता. आणि स्वतःच्या अस्तित्वाच्या तळाशी असलेल्या ईश्वरी अधिष्ठानाशी जुळलेला, म्हणूनच परका न वाटणारा नियम ही ईश्वरायत्तता होय.

रोमन कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र संमत केले. धर्माच्या बाबतीत कोणालाही स्वतःच्या विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये, हे त्यातील मुख्य तत्त्व. धर्मप्रसार करताना जबरदस्तीचा वा अप्रशस्त प्रलोभनाचा वास येईल असे वर्तन टाळावे, विशेषतः गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत ते कटाक्षाने टाळावे, असेही त्यात नमूद आहे. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ च्या परिपत्रकात दुसऱ्या बाजूचा इशारा दिला. विवेकबुद्धी चांगल्या-वाईटाची ओळख पटविते, ती चांगले-वाईट निर्माण करीत नाही. म्हणून सत्यापासून तोडलेले स्वातंत्र्य हे खरे स्वातंत्र्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

या सर्व मांडणीत एक समान सूत्र दिसते. नियम हवा की नको, हा खरा प्रश्न नसून नियम माणसाच्या ठायी कोणत्या मार्गाने येतो, हा आहे. तो धाकाने येतो, की स्वतःच्या विवेकाने ओळखला जातो, यावर त्याचे नैतिक मूल्य ठरते. हे सूत्र प्रत्यक्ष जीवनात कितपत टिकते, ते पाहण्यासाठी आता पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे वळू.

५. पहिला प्रसंग : इंग्लंडमधील पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी बाजूला सारून पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेकडून रमाबाईंना विद्या मिळाली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. पतीच्या अकाली निधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले. १८८३ मध्ये त्या कन्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी-मठात त्यांचे वास्तव्य होते. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले.

बाप्तिस्म्यानंतर संघर्ष संपेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो सुरू झाला. मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. परंतु त्रैक्यविषयक सिद्धान्ताची मंडळीने केलेली मांडणी त्यांच्या बुद्धीला पटत नव्हती आणि जे पटत नाही ते मानतो असे म्हणण्यास त्या तयार नव्हत्या. जेराल्डीन यांच्या दृष्टीने हा अहंकार होता; नवदीक्षितेने नम्रतेने मंडळीची शिकवण स्वीकारावी, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावरही बिशपांनी आक्षेप घेतला. भारतात असंख्य पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या या विदुषीला तो आक्षेप मान्य होणे शक्य नव्हते. मनोरमेला कोणती धर्मशिकवण द्यावी, हाही वादाचा विषय झाला. आपल्या मुलीला काय शिकवावे याचा अधिकार आईचा आहे, असे रमाबाईंनी ठामपणे कळविले.

हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातून रमाबाईंची भूमिका सुस्पष्टपणे समजते. आपल्याला स्वतःची विवेकबुद्धी, मन आणि निर्णयशक्ती आहे. मायदेशातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यानंतर तसेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि आपण कोणाचेच ऐकणार नाही, असे त्यांनी म्हटलेले नाही. ईश्वराच्या इच्छेला त्या बांधील होत्या. ती इच्छा कोणती हे ठरविण्याचा मक्ता माणसांकडे असू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. टिलिकची परिभाषा वापरावयाची तर परायत्तता नाकारून त्या ईश्वरायत्ततेचा शोध घेत होत्या, आणि हा शोध त्यांनी टिलिकच्या जन्मापूर्वीच आरंभिला होता.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची भूमिका या वादात वेगळी दिसते. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना आज्ञाभंग मानले नाही. त्या शंकांना युक्तिवादाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. मतभेद कायम राहिले तरी संवाद तुटला नाही. अक्वायनसने सांगितलेले विवेकबुद्धीला शिक्षित करण्याचे कर्तव्य दुसऱ्याच्या बाबतीत कसे पार पाडावे, याचा हा नमुना म्हणता येईल.

६. दुसरा प्रसंग : शारदा सदन, १८९३

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हा त्यांचा ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य करण्यासाठी रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी काढावयाची शाळा धर्मनिरपेक्ष असावी, असे ठरले होते. त्यानुसार ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी मान्यवर सल्लागार मंडळात होते. मुलींना आपापले आचारधर्म पाळण्याची मोकळीक होती.

वाद उद्भवला तो प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने या प्रकारावर कठोर टीका केली. पालकांत अस्वस्थता पसरली, अनेक मुलींना सदनातून काढून नेण्यात आले आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी संस्थेशी असलेला संबंध संपविला.

या वादात दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, हे मान्य केल्याशिवाय त्याचे नैतिक स्वरूप समजत नाही. रमाबाईंचा युक्तिवाद असा : मी कोणाला बोलावले नाही, माझी प्रार्थना मी लपविणार नाही, आणि येणाऱ्या मुलीला दार बंद करणे म्हणजे तिच्या स्वातंत्र्यावर घाला घालणे होय. सल्लागारांचे म्हणणे असे : संस्था तटस्थ राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठविल्या आहेत, अन्न, वस्त्र, शिक्षण आणि माया ज्या व्यक्तीकडून मिळते, तिच्या खोलीत जाऊन बसणाऱ्या अल्पवयीन विधवेची निवड पूर्णतः मोकळी मानता येत नाही.

सिद्धान्ताच्या पातळीवर पाहिले तर रमाबाईंचा युक्तिवाद फ्लेचरच्या प्रसंगनिष्ठ नीतीशी जुळतो. समोरच्या मुलीवरील प्रीती त्यांना तटस्थतेच्या संकेताहून श्रेष्ठ वाटली. सल्लागारांचा आक्षेप रॅम्सीच्या आक्षेपासारखा आहे : दिलेले वचन हाच दुर्बलांचा आधार असतो. येथे एक विलक्षण उलटापालटही दिसते. वाँटेजला मनोरमेच्या धर्मशिक्षणाचा अधिकार रमाबाईंनी माता म्हणून मागितला होता. पुण्यात मुलींचे पालक तोच अधिकार मागत होते आणि उत्तर द्यावयाची पाळी रमाबाईंची होती.

मात्र पालकांची बाजूही निर्दोष नव्हती. ज्या समाजाने विधवेला केशवपन, वैराग्य आणि परावलंबन यांखेरीज दुसरा पर्याय ठेवला नव्हता, तो समाज तिच्या धर्मस्वातंत्र्याची चिंता वाहू लागला, ती ती आपल्या धर्माबाहेर जाईल या भीतीने. तिला स्वतःची विवेकबुद्धी आहे, हे गृहीतक त्या चिंतेत फारसे आढळत नाही. वादात सर्वत्र मुलींविषयी बोलले गेले. मुलींना विचारले गेले, असे क्वचितच दिसते.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही येथे एक महत्त्वाची साक्ष आहे. सदनात काही वर्षे राहून ती हिंदूच राहिली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ती परिचित झाली. नंतरच्या काळात सदनातील काही विद्यार्थिनींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एकाच छपराखाली दोन्ही निवडी झाल्या, यावरून सदनात जबरदस्ती नव्हती असे म्हणता येते. पण प्रभाव नव्हता, असे म्हणता येत नाही. प्रभाव आणि जबरदस्ती यांच्यामधील सीमारेषा हाच या प्रकरणातील खरा नैतिक प्रश्न होय. दुष्काळग्रस्त मुलींना आश्रय देणारे केडगावचे मुक्ती सदन १८९८ मध्ये उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले. त्यामुळे तटस्थतेच्या वचनाचा प्रश्न मिटला, परंतु अन्नासाठी आलेल्या माणसाच्या विवेकबुद्धीचा प्रश्न उरलाच. १९६५ च्या व्हॅटिकन घोषणापत्रातील गरिबांविषयीचा इशारा याच प्रश्नाला उद्देशून आहे. रमाबाईंनी हजारो स्त्रियांचे प्राण वाचविले व त्यांना स्वावलंबी केले, ही थोरवी मान्य करूनही हा प्रश्न विचारता येतो, नव्हे तो विचारला पाहिजे.

७. टिळक दांपत्याचे उदाहरण

याच काळातील दुसरे उदाहरण या सीमारेषेवर प्रकाश टाकते. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंची त्याला संमती नव्हती. पतीने आपल्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य बजावले. त्याचे मोल ताटातूट आणि मानसिक क्लेश यांच्या रूपाने पत्नीने भोगले. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तेव्हाही काही काळ त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले. स्वतः विचार करून जातिभेदाविषयीची त्यांची श्रद्धा ढळली, तेव्हाच त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हा सर्व प्रवास त्यांनी निर्मळपणे सांगितला आहे.

टिळकांच्या ख्रिस्ती घरात लक्ष्मीबाईंचे सोवळे चालले, ही गोष्ट तत्त्वाच्या दृष्टीने लहान नाही. पौलाने सांगितलेला दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा आदर येथे संसाराच्या पातळीवर दिसतो. १८९५ मध्ये टिळकांना जे साधले नाही, ते पुढील वर्षांत साधले. हेच टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंना सामावणाऱ्या 'देवाचा दरबार' या बंधुवर्गाच्या स्थापनेकडे वळले, हे लक्षणीय आहे.

८. वर्तमान संदर्भ

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य यांचा एकत्र उल्लेख आहे. १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क समाविष्ट नाही, असा निर्णय दिला. अनुच्छेद २८ (३) तर शिक्षणसंस्थांना थेट लागू होतो. राज्याने मान्यता दिलेल्या वा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कोणत्याही व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय, आणि ती अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. १८९३ मध्ये पुण्यात जो पेच सुटला नाही, त्याचा कायदेशीर भाग या तरतुदीने सोडविला आहे.

नैतिक भाग मात्र कायद्याने सुटत नाही. नेसरीसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयात येणारा विद्यार्थी अनेकदा घरातील पहिलाच पदवीधर होणार असतो. त्याच्या दृष्टीने प्राध्यापकाचा शब्द हा केवळ एक मत नसतो. गुण, शिफारस आणि आपुलकी यांचे वजन त्यामागे असते. अशा वेळी धर्म असो, राजकारण असो वा समाजसुधारणा असो, आपले दार उघडे ठेवावे की लोटून घ्यावे, हा रमाबाईंपुढील प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे असतो. मते लपविणे हे त्याचे उत्तर नव्हे. तसेच आपण कोणाला बोलावले नाही, एवढे म्हणूनही शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. विद्यार्थ्याला नकार देता येईल, आणि त्या नकाराची किंमत त्याला मोजावी लागणार नाही, अशी व्यवस्था राखणे हे अधिकार असणाऱ्याचे कर्तव्य आहे.

समारोप :

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ख्रिस्ती नीतिशास्त्रात नैतिक नियम आणि स्वातंत्र्य हे मूलतः परस्परविरोधी नाहीत. विवेकबुद्धीने ओळखून स्वीकारलेला नियम हे स्वातंत्र्याचेच रूप होय.

२) केवळ नियमप्रधान दृष्टिकोन नियमाचा अर्थ सांगणाऱ्यांच्या सत्तेला बळ देतो, केवळ प्रसंगनिष्ठ दृष्टिकोन वचनावर विसंबणाऱ्या दुर्बलांना निराधार करू शकतो.

३) इंग्लंडमधील पत्रव्यवहारात रमाबाईंनी स्वतःच्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य राखले. शारदा सदनात दुसऱ्यांच्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य राखण्याची अधिक अवघड कसोटी त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिचे उत्तर एकमुखी देता येत नाही.

४) पौलाने सांगितलेला दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा निकष या कसोटीला सर्वांत जवळचा आहे. आपल्यावर अधिकार गाजविला जात असताना मागितलेले स्वातंत्र्य, अधिकार आपल्या हाती आल्यावर इतरांना देणे, हे त्याचे व्यावहारिक रूप होय.

सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांचा वाद कधीच पूर्णतः मिटला नाही. तरीही त्यांचा पत्रव्यवहार पुढे दीर्घकाळ चालू राहिला आणि ती पत्रे जपून, संकलित करून ठेवण्याचे काम जेराल्डीन यांनीच केले. आपल्याला न पटलेला विवेकही जतन करावा, हा धडा नीतिशास्त्राच्या अध्यापनात आजही उपयुक्त ठरावा.